चागास आजारात हृदयाला इजा कोण करते: परजीवी की शरीराची प्रतिकारशक्ती?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चागास हा मुख्यतः लॅटिन अमेरिकेत, रक्त शोषणाऱ्या कीटकांमार्फत पसरणारा परजीवीचा संसर्ग. चागास आजाराच्या जुनाट अवस्थेत रक्तात परजीवी सहसा दिसत नाहीत, हृदयाच्या ऊतींतही ते चिकाटीने शोधावे लागतात, तरीही संसर्गानंतर वीस-तीस वर्षांनी काही रुग्णांचे हृदय निकामी होते; ते का? ही इजा रुग्णाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती करत असेल, तर ती दाबणारी औषधे का देत नाहीत? आणि परजीवी हेच मूळ असेल, तर परजीवीनाशक औषधाच्या सर्वांत मोठ्या चाचणीत हृदयाला फायदा का दिसला नाही?

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी ‘परजीवी की प्रतिकारशक्ती’ अशी निवड गृहीत धरलेली आहे आणि माझ्या मते ती निवडच चुकीची आहे. हृदयस्नायूंच्या इजेचा मोठा भाग प्रतिकारसंस्थेच्या हातून होतो, हे खरे आहे. पण तिला वर्षानुवर्षे कामाला जुंपून ठेवतो तो शरीरात टिकून राहिलेला परजीवी. तो नसेल तर दाहाला चालना उरत नाही, आणि प्रतिकार नसेल तर परजीवी रुग्णाला काही आठवड्यांत मारू शकतो. हृदय या दोघांच्या मध्ये सापडते. हे एकदा लक्षात आले की उपचारांतील बऱ्याच विसंगत वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ब्राझीलमधील मिनास जेराइस प्रांतातील लासान्स या गावी १९०९ मध्ये कार्लोस चागास यांना दोन वर्षांच्या एका आजारी मुलीच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा क्रुझी हा एकपेशीय परजीवी सापडला. त्याचे नाव त्यांनी आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांच्यावरून ठेवले. रक्त शोषणाऱ्या, ढेकणाच्या गणातील ट्रायाटोमाइन कीटकांच्या विष्ठेतून तो पसरतो; दंशाची जागा खाजवली किंवा विष्ठेचा हात डोळ्याला लागला की तो शरीरात शिरतो. दूषित अन्न व रस, रक्तसंक्रमण, अवयवरोपण आणि आईकडून गर्भाकडे होणारा संसर्ग हे त्याचे इतर मार्ग आहेत. लॅटिन अमेरिकेत आणि तेथून स्थलांतर करून इतर देशांत गेलेल्यांमध्ये मिळून सुमारे ६० ते ७० लाख लोकांना हा संसर्ग असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज बराच काळ दिला जात आहे. त्यांपैकी साधारण २० ते ३० टक्के लोकांना पुढे हृदयविकार होतो. उरलेले बहुतेक जण आयुष्यभर लक्षणांशिवाय राहतात. लासान्सची ती मुलगी सत्तरी ओलांडेपर्यंत जगली. अनेक दशकांनंतरही तिच्या शरीरातून परजीवी मिळवता आला, पण चागासचा ठरावीक हृदयविकार तिला झाला नाही. या आजाराचे खरे कोडे तिच्यातच दिसते: संसर्ग तोच, परजीवीही टिकून, आणि तरीही हृदय शाबूत.

आता तीव्र अवस्थेकडे वळू, कारण पुढील सगळ्याची मांडणी पहिल्या काही आठवड्यांतच होते. शेपटीवाला, हालचाल करणारा परजीवी शरीरात येतो तेव्हा रक्तातील पूरक प्रथिनांचा (जंतूंवर थेट हल्ला करणाऱ्या ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनांचा) मारा चुकवण्याची सोय त्याच्या पृष्ठभागावर असते. तो भक्षकपेशीत किंवा स्नायूपेशीत शिरतो, तेथील आम्लयुक्त पोकळीचे आवरण फोडून पेशीद्रवात उतरतो, शेपटी टाकून गोल रूप घेतो आणि दुभंगत राहतो. पोकळीतून बाहेर पडण्याची ही युक्ती त्याला नष्ट होण्यापासून वाचवते, पण तिचा एक परिणाम त्याच्या विरोधातही जातो: पेशीद्रवात आल्यामुळे त्याच्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर पहिल्या वर्गाच्या एचएलए रेणूंसोबत मांडले जातात, आणि नेमके तेच सीडी८ टी पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) ओळखतात. म्हणूनच या आजाराच्या नियंत्रणात आणि पुढे हृदयाच्या दाहातही सीडी८ पेशी अग्रभागी असतात.

त्याआधी जन्मजात प्रतिकारसंस्था जागी झालेली असते. परजीवीच्या आवरणातील विशिष्ट साखर-मेद रेणू टीएलआर-२ हा ग्राहक (पेशीचा ओळख पटवणारा रेणू) ओळखतो आणि त्याचा डीएनए टीएलआर-९ ओळखतो. त्यातून इंटरल्यूकिन-१२ हा संदेशवाहक रेणू स्रवतो, त्याच्या प्रभावाने नैसर्गिक मारक पेशी व टी पेशी इंटरफेरॉन गॅमा हा दुसरा संदेशवाहक तयार करतात, आणि इंटरफेरॉन गॅमाने चेतवलेल्या भक्षकपेशी नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून आपल्या आतील परजीवी मारतात. प्रतिपिंडेही येतात, पण सुरुवातीला प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींची जी प्रचंड आणि बरीचशी दिशाहीन चेतना होते, तिच्यामुळे नेमक्या प्रतिपिंडांना विलंब लागतो. दोन-तीन महिन्यांत रक्तातील परजीवींची संख्या झपाट्याने घटते आणि ताप उतरतो. बहुतेकांना तर आजार झाल्याचे कळलेलेही नसते. पण नियंत्रण झाले म्हणजे निर्मूलन झाले असे नाही. परजीवी ऊतींमध्ये तुरळक प्रमाणात राहतो. उंदरांवरील प्रयोगांत तो आतड्यात टिकून राहतो आणि तेथून अधूनमधून इतर अवयवांत पोहोचतो असे दिसले आहे. शिवाय त्याची काही गोल रूपे दुभंगणे थांबवून निद्रिस्त राहू शकतात. या निद्रेचा मुद्दा औषधोपचाराच्या संदर्भात पुन्हा येईल.

प्रतिकाराची अनिवार्यता दाखवणारा एक जुना प्रयोग मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. १९९२ मध्ये अशा उंदरांना संसर्ग देण्यात आला, ज्यांच्यात बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (प्रथिनांचे तुकडे मांडणाऱ्या पहिल्या वर्गाच्या रेणूंचा घटक) नसल्याने कार्यक्षम सीडी८ पेशी जवळजवळ नव्हत्या. त्यांच्या ऊती परजीवींनी भरलेल्या होत्या, भोवती दाह जेमतेम होता, आणि ते लवकर मेले. दाह नसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसते.

जुनाट अवस्थेतील हृदयाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते, तेही सांगायला हवे, कारण सगळा वाद त्या चित्रावरूनच झाला. तीव्र अवस्थेत स्नायुतंतूंच्या आत दोन ते चार मायक्रोमीटर आकाराच्या गोल परजीवींची घरटी दिसतात; प्रत्येकात एक केंद्रक आणि शेजारी गडद आडवी दांडी, म्हणजे कायनेटोप्लास्ट. घरटे शाबूत असेपर्यंत भोवती बहुधा शांतता असते. तंतू फुटला की लसिकापेशींची (टी, बी यांसारख्या पांढऱ्या पेशींची) गर्दी जमते. जुनाट अवस्थेत मात्र एकामागून एक छेद पाहिले तरी घरटे सापडत नाही. दिसतात त्या विखुरलेल्या लसिकापेशी व भक्षकपेशी, मधूनच मरत चाललेला एखादा तंतू, आणि तंतूंना एकमेकांपासून वेगळे करत सर्वत्र पसरलेला कोलॅजनचा जाड पट्टा. लसिकापेशींचे प्रकार तपासले तर सीडी८ पेशी सीडी४ पेशींपेक्षा (इतर प्रतिकारपेशींना मदत करणाऱ्या टी पेशींपेक्षा) अधिक आढळतात आणि त्यांतील अनेकींत ग्रॅन्झाइम हे पेशी मारणारे विकर असते. परजीवी नाही, पण दाह आहे: हे चित्र पाहून जुन्या अभ्यासकांनी स्वप्रतिकाराचा, म्हणजे प्रतिकारसंस्था स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करत असल्याचा, निष्कर्ष काढला, तो अगदी स्वाभाविक होता.

त्या निष्कर्षामागे प्रयोगांचा आधारही होता. १९७४ मध्ये सांतोस-बुक आणि तेशेरा यांनी दाखवले की, परजीवीविरुद्ध संवेदनशील झालेल्या सशांच्या लसिकापेशी संसर्ग नसलेल्या हृदयपेशींचाही नाश करतात. पुढे नव्वदच्या दशकात ब्राझीलमधील कुन्हा-नेतो आणि सहकाऱ्यांनी हृदयातील मायोसिन हे आकुंचनाचे प्रथिन आणि परजीवीचे बी-१३ हे प्रथिन यांच्यातील साम्य दाखवले. दोन्ही ओळखणाऱ्या टी पेशी रुग्णांच्या हृदयातून मिळाल्या. परजीवीच्या रायबोसोममधील पी प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे हृदयाच्या बीटा-१ ॲड्रेनर्जिक ग्राहकालाही चिकटतात आणि काही रुग्णांत मस्करिनिक एम-२ ग्राहकाविरुद्ध प्रतिपिंडे असतात, असेही आढळले. ही प्रतिपिंडे ग्राहकाला नुसती चिकटत नाहीत तर त्याला चेतवतात, त्यामुळे ठोक्यांच्या गतीवर त्यांचा परिणाम होऊ शकतो. हे पुरावे खरे आहेत आणि ते बाजूला सारण्याचे कारण नाही. मात्र स्वतःच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिक्रिया आढळणे आणि तीच इजेचे मूळ कारण असणे, यांत अंतर आहे. कोणत्याही कारणाने हृदयपेशी फुटल्या की मायोसिन बाहेर पडते आणि त्याविरुद्ध प्रतिक्रिया उमटू शकते.

हे अंतर तपासण्यासाठी नवजात उंदराचे हृदय जुनाट संसर्ग असलेल्या, त्याच वंशाच्या उंदरात रोपण करण्याची युक्ती वापरली गेली. स्वप्रतिकार पुरेसा असेल तर परजीवी नसलेल्या त्या हृदयावरही हल्ला व्हायला हवा. १९९२ मध्ये ब्राझीलमधील एका गटाने तसा हल्ला होतो आणि सीडी४ पेशी रोखल्या की तो थांबतो असे दाखवले. १९९७ मध्ये अमेरिकेतील टार्लटन यांच्या गटाने उलट निष्कर्ष मांडला: रोपण केलेली हृदये महिनोन्महिने धडधडत राहिली आणि त्यांत थेट परजीवी टोचल्यावरच इजा झाली. दरम्यान पीसीआर तंत्र हाती आले आणि काचपट्टीवर परजीवी न दिसणाऱ्या रुग्णांच्या हृदयऊतीतही त्याचा डीएनए सापडू लागला. सूक्ष्मदर्शकाला न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हे सिद्ध झाले आणि तराजू परजीवीच्या टिकून राहण्याकडे झुकला. आज या क्षेत्रातील बहुतेक जण परजीवीचे टिकणे ही आवश्यक अट आणि स्वप्रतिकार हा काही रुग्णांत इजा वाढवणारा घटक मानतात. माझेही मत तेच आहे.

मग परजीवी सर्वांतच टिकतो, तर हृदयविकार तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी लोकांना का? येथे प्रतिसादाच्या प्रमाणाचा आणि त्याच्या लगामाचा प्रश्न येतो. हृदयविकार असलेल्या रुग्णांच्या रक्तपेशी परजीवीच्या प्रतिजनासमोर (प्रतिकारसंस्था ओळखते त्या रेणूसमोर) अधिक इंटरफेरॉन गॅमा आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे दाह वाढवणारे रेणू स्रवतात. लक्षणविरहित व्यक्तींत तुलनेने दाह आवरणारे इंटरल्यूकिन-१० जास्त असते आणि प्रतिसादाला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी अधिक सक्षम असतात. हृदयात सीएक्ससीएल-९, सीएक्ससीएल-१० आणि सीसीएल-५ यांसारखे रेणू टी पेशींना बोलावून घेतात. दीर्घकाळ प्रतिजन समोर राहिल्याने टी पेशी थकतात आणि त्यांच्यावर पीडी-१ सारखे अवरोधक ग्राहक दिसू लागतात. अशा पेशी परजीवीचा पुरता नायनाट करू शकत नाहीत, पण दाह मात्र चालू ठेवतात. लगाम फार सैल असला तर हृदय भाजून निघते आणि फार घट्ट असला तर परजीवी माजतो, म्हणून लक्षणविरहित व्यक्तीची प्रतिकारसंस्था निष्क्रिय नसून चांगली तोल साधणारी असते. परजीवीचा वाण, सुरुवातीच्या संसर्गाची तीव्रता आणि व्यक्तीची जनुकीय घडण यांचा या तोलावर परिणाम होतो.

दाहातून कायमची इजा होते ती तंतुमयतेमुळे, म्हणजे स्नायूच्या जागी व्रणाची ऊती साचल्यामुळे. मेलेल्या स्नायुतंतूची जागा स्नायू भरून काढत नाही. ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा आणि गॅलेक्टिन-३ यांच्या प्रभावाखाली कोलॅजन साचते. सोबत सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, बिंबिका (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट) गोळा होतात, आणि मुख्य धमन्या मोकळ्या असूनही स्नायूला रक्त अपुरे पडते. हृदयाचे टोक आणि डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या, रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याची) खालची-बाजूची भिंत यांचे नुकसान अधिक होण्यामागे हा रक्तपुरवठ्याचा भाग असावा असे मानले जाते. ब्राझीलमध्ये काम करणारे रोगनिदानतज्ज्ञ केबर्ले यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर हृदय व आतड्यांच्या स्वायत्त चेतापेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्याचे मोजून दाखवले होते. हृदयाच्या बाबतीत तो एकमेव खुलासा म्हणून टिकला नाही, पण अन्ननलिका व मोठे आतडे फुगण्याच्या बाबतीत तो आजही मध्यवर्ती आहे.

या सगळ्याची रुग्णशय्येजवळची खूण म्हणजे ईसीजी. हृदयातील विद्युतवाहक जाळ्याच्या उजव्या शाखेचा अडथळा आणि त्यासोबत डाव्या शाखेच्या पुढच्या फाट्याचा अडथळा असा आलेख लॅटिन अमेरिकेत वाढलेल्या मध्यमवयीन व्यक्तीत दिसला, तर चागासची रक्ततपासणी केल्याशिवाय मी पुढे जाऊ देणार नाही. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) टोकाशी लहानसा फुगा दिसू शकतो. तो मुद्दाम शोधला नाही तर हातून सुटतो, आणि त्यातच गुठळी धरून पक्षाघात होतो. व्रणांभोवती फिरणाऱ्या विद्युतप्रवाहातून जवनिकेची जलद लय सुरू होते. हृदयाची आकुंचनशक्ती फारशी घटलेली नसतानाही अचानक मृत्यू होऊ शकतो, हे या आजाराचे विशेष क्रूर वैशिष्ट्य आहे.

आता प्रतिकारशक्ती दाबण्याचा प्रश्न. त्याचे उत्तर दोन प्रकारच्या रुग्णांनी दिले आहे. एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी घटलेल्या रुग्णांत सुप्त परजीवी उसळतो आणि बहुधा मेंदू व मेंदूआवरणाचा, त्याखालोखाल हृदयाचा तीव्र दाह होतो. दुसरे म्हणजे चागासमुळे हृदयरोपण झालेले रुग्ण. त्यांच्या नव्या हृदयाच्या बायोप्सीत लसिकापेशींचा दाह आणि तंतूंचा नाश दिसला, तर डॉक्टरांपुढे फार अवघड पेच उभा राहतो. तो अवयव नाकारण्याचा दाह असेल तर प्रतिकारशमन वाढवायला हवे. परजीवीच्या पुनरुत्थानाचा असेल तर परजीवीनाशक द्यायला हवे आणि प्रतिकारशमन वाढवणे घातक ठरू शकते. पहिल्या नजरेला दोन्ही चित्रे सारखीच. म्हणून अशा बायोप्सीत घरटी चिकाटीने शोधावी लागतात, पीसीआर करावे लागते, आणि त्वचेवर नव्या गाठी आल्या आहेत का तेही पाहावे लागते, कारण पुनरुत्थानाची पहिली खूण कधीकधी तीच असते. जुनाट चागास हृदयविकारावर उपचार म्हणून स्टेरॉइड देत नाहीत, याचे कारण हेच आहे. दुसऱ्या आजारासाठी ती देणे भागच असेल, तर देण्याआधी संसर्गाची तपासणी व्हायला हवी आणि देताना परजीवीवर लक्ष ठेवायला हवे.

शेवटी त्या मोठ्या चाचणीविषयी. बेनेफिट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत चागास हृदयविकार प्रस्थापित झालेल्या २,८५४ रुग्णांना बेन्झनिडाझोल हे परजीवीनाशक किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली आणि सरासरी ५.४ वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. मृत्यू, हृदय निकामी होणे, गंभीर अतालता (हृदयाची बिघडलेली लय), पक्षाघात अशा एकत्रित घटना औषध गटात २७.५ टक्के आणि दुसऱ्या गटात २९.१ टक्के रुग्णांत घडल्या. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य नव्हता. मात्र सुरुवातीला पीसीआर सकारात्मक असलेल्यांपैकी ६६.२ टक्के रुग्णांची चाचणी औषधानंतर नकारात्मक झाली. निष्क्रिय गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण ३३.५ टक्के होते. परजीवी कमी झाला, पण हृदय सुधारले नाही.

काही जणांनी यावरून परजीवी गौण आहे असा अर्थ काढला. मला तो घाईचा वाटतो. या रुग्णांचे सरासरी वय ५५च्या आसपास होते आणि त्यांच्या हृदयात दशकानुदशके साचलेले कोलॅजन होते. परजीवी मारल्याने दाहाची चालना थांबते, व्रण विरघळत नाही, आणि व्रणातून उद्भवणारी अतालता किंवा ताणलेल्या भिंतींचे फुगणे पुढे आपल्याच गतीने चालू राहते. शिवाय रक्ताचे पीसीआर नकारात्मक झाले तरी ऊतींतील निद्रिस्त रूपे औषधाला दाद देत नाहीत, असे २०१८ मधील प्रयोगांतून दिसले आहे. उलट बाजूचा पुरावाही आहे. लहान मुलांना संसर्गानंतर लवकर औषध दिले तर निम्म्याहून अधिक मुलांची प्रतिपिंडे काही वर्षांत नाहीशी होऊ शकतात. २००६ मध्ये ब्यूनोस आयर्स येथील अभ्यासात हृदय निकामी न झालेल्या ५६६ प्रौढांपैकी औषध घेतलेल्यांत ४ टक्के, तर न घेतलेल्यांत १४ टक्के रुग्णांचा आजार वाढला. त्या अभ्यासात रुग्णांची यादृच्छिक वाटणी नव्हती, त्यामुळे त्याचे वजन बेनेफिटइतके नाही. तरीही आजाराच्या ज्या टप्प्याबद्दल तो बोलतो, तो बहुतांशी बेनेफिटने तपासलेल्या टप्प्याच्या आधीचा होता.

म्हणून व्यवहारात माझा क्रम असा असतो. तीव्र संसर्ग, जन्मजात संसर्ग, मुले आणि पुनरुत्थान यांत औषध द्यायचेच. लक्षणविरहित प्रौढांना, विशेषतः पन्नाशीच्या आतील व्यक्तींना, दुष्परिणामांची कल्पना देऊन ते सुचवायचे: सहसा ६० दिवस, त्वचेवरील पुरळ, हातापायांची चेताबाधा आणि पांढऱ्या पेशी घटणे यांवर लक्ष ठेवून. मूल होऊ शकणाऱ्या वयातील स्त्रीला गर्भधारणेपूर्वी उपचार मिळाले तर बाळाला संसर्ग होण्याचा धोका खूपच कमी होतो. मात्र गर्भारपणात हे औषध देत नाहीत. हृदय बरेच खराब झालेले असेल तर परजीवीनाशकापेक्षा हृदयाची नेहमीची औषधे, गुठळीविरोधी औषधे, पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर आणि गरजेप्रमाणे रोपण यांवर भर द्यावा लागतो. अशा रुग्णाचा धोका मोजताना मी २००६ मध्ये मांडलेले रासी गुणांकन वापरतो: श्रमाने लागणाऱ्या धापेची पातळी, क्ष-किरणात हृदयाचा वाढलेला आकार, इकोतील भिंतीच्या हालचालीचा दोष, होल्टरवर (दिवसभराच्या ईसीजी नोंदीत) जवनिकेची जलद लय, ईसीजीतील कमी उंचीच्या लहरी आणि पुरुष असणे, या सहा गोष्टी त्यात येतात.

लक्षणविरहित व्यक्तीने मात्र औषध घेतले असो वा नसो, वर्षातून एकदा ईसीजी काढावाच, कारण अशा व्यक्तींपैकी साधारण दोन टक्क्यांना दरवर्षी हृदयविकार सुरू होतो आणि पहिली खूण बहुधा तेथेच उमटते. ‘मी पूर्ण बरा झालो का’ या त्यांच्या प्रश्नाला प्रौढांत लगेच उत्तर देता येत नाही. प्रतिपिंडे यशस्वी उपचारांनंतरही दहा-वीस वर्षे टिकू शकतात, आणि पीसीआर सकारात्मक आले तर उपचार फसले एवढेच नक्की सांगते. नकारात्मक आले तर परजीवी संपला असे ते सांगत नाही. त्यामुळे उपचार पूर्ण केलेल्या रुग्णालाही मी पुढच्या वर्षीच्या ईसीजीची तारीख देऊनच घरी पाठवतो.